मी बोलतोय

रुवीत, बँकेच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
एसीच्या गारठ्यात माझी खुर्ची.
कानाला हेडफोन, समोर पडदा,
शेजारी कागदी कपात करक, वर साय धरलेली.
खिडकीला बाहेरून इतका घाम
की काळे डोंगर आहेत हे मानून चालायचं.

पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
तू नाहीस.
टाइप होऊन येईल ते वाचायचं,
ऐकू येईल ते टाइप करायचं.
काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही.
शिवी आली तर शिवी.
रडू आलं तर कंसात, रडणे.
लिहिणारा लिहून पुसतो कधीकधी, ते दिसतं आपल्याला.
पुसलेलं वाचायचं नाही.

शौकत हमदुले सूरला असतो,
लाकडी पडावांच्या फटींत कापूस ठोकतो.
तीन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले
आणि गावाचं नाव सूर.
यावर मी काही बोलले नाही.
बोलायचं नसतंच.

दर गुरुवारी रात्री साडेआठला, दाभोळात तेव्हा दहा,
त्याची अक्षरं पडद्यावर उगवतात
आणि मी, चंद्रपूरची, दोन लेकरांची आई,
म्हणते:
आई, मी बोलतोय.
आत्ताच आलो. जेवलो. पगार झाला, पाठवला.

सुरुवातीला त्या 'लो'पाशी जीभ अडखळायची.
आता घरी दार उघडतानाही
तोंडून निघून जातं, आलो रे,
आणि धाकटा हसत सुटतो.

तिकडून हलीमाबी:
मेल्या, इतक्या उशिरा जेवतोस?
आमच्याकडे हे कुणी म्हटलं
तर शेजारपाजार गोळा होईल.
मी 'मेल्या' टाइप केलं.
सूरहून लगेच, हा हा.
नंतर कळलं, तिकडे त्या शब्दाने मुका घेतात.

कंसात मी लिहिते
(कुकरची शिट्टी)
(कुणीतरी कडी लावली)
(शांतता)
शांतता किती लांब, ते लिहायची सोय नाही.
मी टिंबं देते. तेवढं माझं.

गेल्या गुरुवारी त्याने लिहिलं, पायात खिळा गेला होता.
मग, पाय सुज
इथवर आलं आणि मागे गेलं, एकेक अक्षर,
ओहोटीसारखं.
त्या जागी आलं, आता पाय बरा आहे.
मी वाचलं, आता पाय बरा आहे.

हलीमाबी गप्प. मग म्हणाली,
तू कोण गो, बाय?
दर खेपेला माझ्या लेकाचं बोलतेस.
तू जेवलीस काय?

ऐकू आलं ते टाइप करायचं.
केलं.
सूरहून उत्तर यायला वेळ लागला
आणि ते मलाच वाचायचं होतं, माझ्याच तोंडाने:
आई, तिला विचारू नकोस. तिला बोलायची परवानगी नाही.
खाली आणखी एक ओळ:
पण तिचा आवाज कसा आहे, ते मला सांग.

टिंबं. टिंबं. टिंबं.

जाड हाय, म्हणाली हलीमाबी,
आणि मी उतरवत गेले.
आज नाक चोंदलंय तिचं.
पैशाचं सांगताना भराभर बोलते,
तुला घाई असते तशीच.
आणि पाय बरा म्हणालास ना,
तेव्हा आवाज खाली बसला तिचा.
खोटं बोलता येत नाय तिला.
खरं सांग, पाय बरा हाय काय?

हेही टाइप केलं. गाळायचं नाही.
करक कधीच थंड झाला होता.
सूरला कर्सर लुकलुकत राहिला.
सु, आला.
पुसला.
पुन्हा आला.
मी वाट पाहिली,
घसा न खाकरता.